चाळीसपैकी सात

चित्राखाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: ७/४०. बापूंनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी धरला आणि निकाल देऊन टाकला, "चाळीसपैकी सात? नापासच की ओ बाई हे."

बाईंना हसू आवरेना. चित्र त्यांचंच होतं, बडोद्याला मुद्राचित्रण शिकत असतानाचं. एक वड, पारंब्या आणि पारंब्यांमागे अर्धवट दिसणारी सायकल. लिनोवर कोरलेलं, हातानं छापलेलं, चाळीस प्रतींपैकी सातवी प्रत. नमुना म्हणून त्यांनी ते ट्रंकेतून शोधून आणलं होतं.

कोल्हापूरच्या एका पेठेत, जुन्या वाड्याच्या माडीवर चालणाऱ्या कलामंडळातली ही दुपार. मंडळ लहानच. रविवारी मुलांचा चित्रकलेचा वर्ग, दिवाळीनंतर नाटकाच्या तालमी, वर्षातून एखादं प्रदर्शन. माडीवरचे पत्रे गळायला लागलेत आणि ते बदलायला दीड लाख हवेत. वर्गणी मागून मागून ओळखीचे लोक रस्ता बदलायला लागले, तेव्हा बाईंनी तोड काढली. मंडळातल्या एका चित्रकाराकडून रंकाळ्यातला संध्यामठ लिनोवर कोरून घ्यायचा, त्याच्या चाळीसच प्रती काढायच्या, प्रत्येकीवर नंबर आणि सही, आणि किंमत तीन हजार.

बापू मंडळाचे खजिनदार. पंचेचाळीस वर्षं त्यांनी ट्रेडल मशीनवर लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि मंडळांचे अहवाल छापले. पुढं स्क्रीन प्रिंटिंगही केलं. बाई शाळेत चित्रकला शिकवतात. एकाचा हिशेब रिमांचा, दुसरीचा एकेका कागदाचा. वाद होणारच होता.

"चाळीस काढल्यावर त्या ठशाचं काय करायचं?" बापूंनी विचारलं.

"आडवी रेघ मारून रद्द करायचा."

"चांगला असला तरी?"

"चांगला असला तरी."

बापूंचा जीव इथंच अडला. आयुष्यभर ज्या माणसानं टाइपाचे मोडके खिळेसुद्धा वितळवून परत वापरायला पाठवले, त्याला धडधाकट ठसा मुद्दाम खराब करणं म्हणजे भरल्या ताटाला लाथ मारणं. "लिनोवर किती प्रती निघतात ते मला शिकवू नका," ते म्हणाले. "दोनशे, तीनशे आरामात. मग चाळीसच का? माल असताना दुकानाचं शटर ओढून 'संपला' म्हणायचं, ही साठेबाजी झाली."

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, आणि बाईंनी तो उडवलाही नाही. काही तंत्रांत मर्यादा खरीच असते. ड्रायपॉइंटमध्ये तांब्याच्या पत्र्यावर सुईनं थेट ओरखडतात. ओरखड्याच्या कडेला उठलेली धातूची बारीक कड शाई धरून ठेवते आणि रेषेला मखमली काळेपणा येतो. ती कड दाबाखाली झिजते. काही डझन कागदांनंतर चित्र फिकं पडतं. लिनोचं तसं नाही, हे बाईंनी कबूल केलं. त्याहून गंमत अशी की प्रतींवर नंबर घालायची रीत रुळली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर पोलादाचा पातळ थर चढवून हजारो प्रती काढणं शक्य झालं त्यानंतर. ड्यूरर आणि रेम्ब्रांट या जुन्या उस्तादांनी आपल्या प्रतींवर असे नंबर कधी घातले नाहीत. जोवर पत्रा थकत होता तोवर कुणी आकडा लिहिला नाही. पत्रा थकायचा थांबला आणि आकडा आला.

"म्हणजे माझंच खरं," बापू म्हणाले.

"अर्धं."

उरलेलं अर्धं ऐकायला बापूंना सवड नव्हती. त्यांची गाडी रुळावर आली होती. चित्र छापायचं ते पुष्कळ लोकांना मिळावं म्हणून, हा त्यांचा धर्म. त्यांच्या प्रेसमध्ये राजा रविवर्म्याची लक्ष्मी होती, घरच्या देवघरात होती, सासुरवाडीलाही होती. रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि जी चित्रं आधी संस्थानिकांच्या महालांत होती ती चाळीतल्या खोलीत आली. पुढं छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका रंगासाठी वेगळा दगड, आणि सगळे रंग एकमेकांवर बिनचूक बसले पाहिजेत; बापूंसारख्या माणसाला हे सांगताना अंगावर काटा येतो. बायका त्या चित्रांतल्या देवींना जर, टिकल्या लावून सजवायच्या. त्याच्याही आधी, १८७८ मध्ये, पुण्यात चिपळूणकरांनी चित्रं छापणारी 'चित्रशाळा' उभी केली होती. आणि दिवाळी अंक? दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं कापून किती घरांनी चौकटीत लावली असतील! "त्यांतल्या एकावर तरी नंबर होता का?" बापूंनी विचारलं. "आपल्याकडं चित्र घरात आलं ते छापखान्यानं आणलं. तुम्ही ते परत महालात नेऊन ठेवताय."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "बापू, रविवर्म्याचा छापखाना शेवटी कुणाचा झाला?"

बापू गप्प.

छापखान्याच्या मालकाचं सुख रविवर्म्याच्या वाट्याला फार दिवस आलं नाही. कर्ज वाढलं आणि विसावं शतक उजाडल्यावर थोड्याच काळात तो छापखाना तिथल्याच फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकावा लागला. चित्रं घरोघर पोचली हे खरं, ती रंगवणाऱ्याचा छापखाना त्यातून तरला नाही हेही खरं. "लोकांपर्यंत पोचणं आणि पत्रे बदलणं ही दोन कामं आहेत," बाई म्हणाल्या. "आपल्याला यंदा दुसरं करायचंय."

मग बापूंनी कागद घेतला. ऑफसेटवर हजार प्रती, दीडशे रुपयांना एक, दीड लाख गोळा. बाईंनी त्याच कागदावर एकच प्रश्न लिहिला: आपल्या प्रदर्शनाला माणसं किती येतात? गेल्या वर्षी नोंदवहीत शंभरसुद्धा सह्या नव्हत्या. हजार प्रती छापणं बापूंना एका दुपारचं काम. त्या विकायला मंडळाला दहा वर्षं लागतील आणि तोवर गठ्ठे त्याच गळक्या पत्र्यांखाली पडून असतील.

"कार्डं काढू मग," बापूंनी माघार घेतली, पण थोडीच. 'क्राय' या संस्थेचं उदाहरण त्यांना पाठ होतं. १९७९ मध्ये मुंबईत रिपन कपूर आणि त्यांच्या सहा मित्रांनी ५० रुपयांवर ती सुरू केली, आणि पुढं कितीतरी वर्षं तिची शुभेच्छापत्रं घरोघर जात राहिली. कार्डं छोटी, चित्र चांगलं, पैसा कामाला. बाईंना कार्डं मान्य होती. फक्त त्यांच्यामागं देशभर पसरलेलं विक्रीचं जाळं लागतं. पेठेतल्या मंडळाकडं एक सायकल आणि दोन होतकरू पोरं आहेत.

यानंतर बाईंनी जी गोष्ट सांगितली ती कोल्हापूरपासून फार लांबची आहे, तरी या सगळ्या प्रकरणात तिच्याइतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही.

कॅनडाच्या उत्तरेला, बर्फाच्या मुलखात, किन्गाइट नावाचं इन्युइट लोकांचं गाव आहे. २०२० पर्यंत नकाशावर त्याचं नाव केप डॉर्सेट होतं. जेम्स ह्यूस्टन हा चित्रकार तिथं सरकारी कामावर होता. वॉलरसच्या सुळ्यावर कोरीवकाम करणारा ओसुइटोक इपीली एकदा सिगारेटची दोन पाकिटं न्याहाळत बसला होता. पाकिटावरच्या खलाशाचं डोकं दोन्हीकडं हुबेहूब सारखं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा रंगवत बसणाऱ्याला कंटाळा येत नसेल का, असं त्यानं ह्यूस्टनला विचारलं. शब्दांनी समजावता येईना, म्हणून ह्यूस्टननं ओसुइटोकनंच कोरलेल्या एका सुळ्याला काळं माखलं, वर पातळ कागद दाबला आणि उचलून दाखवला. आपल्यालाही हे जमेल, असं ओसुइटोक म्हणाला. ह्यूस्टन १९५८ मध्ये जपानला जाऊन उनइची हिरात्सुका या उस्तादाकडून लाकडी ठशांचं काम शिकून आला. त्या गावात लाकूड नाही, झाडंच नाहीत. म्हणून दगड कोरले.

"सिगारेटचं पाकीट!" बापू खूश झाले. "म्हणजे आमच्याच धंद्यानं शिकवलं म्हणा."

१९५९ पासून तिथली सहकारी संस्था दर वर्षी छापचित्रांचा संच काढते. प्रत्येक चित्राच्या बहुधा पन्नास प्रती. चित्र काढणारी एक, दगड कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा असतो, आणि चित्राखाली कामाचं श्रेय देणारे शिक्के उमटतात. प्रती काढून झाल्या की दगड घासून पुढच्या चित्राला घेतात, कारण चांगला दगडही तिथं महाग. तीच संस्था गावाचं किराणा दुकान चालवते. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला सहकाराचं कौतुक नव्यानं सांगावं लागत नाही. दूध संघ, साखर कारखाना आणि त्यांच्या सर्वसाधारण सभेतली खुर्च्यांची फेकाफेक त्यानं पाहिलेली असते. पण चित्रांची सहकारी संस्था साठ वर्षांहून जास्त टिकते, हे ऐकून बापूंनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला.

बाईंनी पुढं मांडलं केनोजुआक अशेवाक हिचं चित्र, 'द एन्चांटेड आउल', १९६० सालचं. पिसारा सूर्यकिरणांसारखा फुललेलं घुबड. पन्नास प्रती: पंचवीस लाल शेपटीच्या, पंचवीस हिरव्या.

"घुबड? भिंतीवर? आमच्या घरात नाही चालायचं."

कॅनडाला चाललं. १९७० मध्ये ते टपाल तिकिटावर आलं. २०१८ मध्ये त्यातली एक प्रत लिलावात २ लाख १६ हजार कॅनडियन डॉलरला गेली.

इथं बापूंनी डाव साधला. "त्यातलं त्या बाईला किती मिळालं?"

केनोजुआक २०१३ मध्ये गेली होती. तिच्या वारसांना किंवा संस्थेला त्या विक्रीतला वाटा देण्याची सक्ती तेव्हा कॅनडाच्या कायद्यात नव्हती. आपल्याकडं कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं ५३-अ हे कलम आलं. त्यानुसार चित्र, शिल्प, रेखाटन किंवा हस्तलिखित यांची मूळ प्रत दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकली गेली, तर चित्रकाराला दहा टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो. मुद्राचित्र या शब्दाचा त्या कलमात स्पष्ट उल्लेखच नाही. "झालं तर मग," बापू म्हणाले. "तुमचा नंबर ज्याच्या कपाटात असेल त्याला श्रीमंत करणार. पत्रे आपलेच गळणार."

बाईंनी हे मान्य केलं. किन्गाइटमध्ये चित्र काढणारीला पैसे लिलावानंतर नाही, रेखाटन संस्थेच्या हाती पडलं की मिळतात, एवढं त्यांनी जोडलं. आणि तिथूनच त्यांचा खरा राग बाहेर आला. आजवर किती संस्थांनी त्यांच्याकडं 'मदतीसाठी एखादं चित्र' मागितलं याची मोजदाद त्यांनी सोडून दिली आहे. "मांडववाल्याला पैसे, माइकवाल्याला पैसे, चहावाल्याला रोख. चित्रकार तेवढा 'आपलाच माणूस'. मदतनिधीला सगळ्यात जास्त देणगी देणारा तोच, आणि फलकावर नाव मात्र शाल देणाऱ्याचं."

"मंडळासाठी करायचं तर त्यात पैसे कसले?" बापू म्हणाले. पण आवाज उतरला होता. मंडळाचे अहवाल त्यांनी कधी फुकट छापले नव्हते; सवलतीत छापले होते.

थोडा वेळ दोघंही बोलले नाहीत. खाली गल्लीत भंगारवाला ओरडत गेला.

मग बापूंनी एक हुकमी पत्ता काढला. मंडळाच्या कपाटात एका दिवंगत उस्तादांचं जलरंगातलं निसर्गचित्र आहे. ते स्कॅन करायचं, चांगल्या कॅनव्हासवर यंत्रानं छापायचं, आणि हवं तर चाळीस नंबर घालायचे. ठसा कोरा, दाबा, वाळवा ही कटकटच नको. बाजारात याला भारदस्त नावही आहे, जीक्ली. १९९१ मध्ये अमेरिकेत जॅक डुगान यांनी शाईच्या तुषारावरून हा फ्रेंच वाटणारा शब्द घडवला, कारण 'इंकजेट' म्हटलं की ऑफिसातला प्रिंटर आठवतो. बाईंनी साफ नकार दिला. तो मूळ चित्राचा फोटो झाला. फोटो म्हणून विकायला हरकत नाही, नंबर घालून मुद्राचित्र म्हणून विकणं ही फसवणूक. हा फरक चित्रकारांचा हट्ट म्हणून सोडून देण्यासारखा नाही, कस्टमवालेही तो पाळतात. सीमाशुल्काच्या दरपत्रकात ९७ व्या प्रकरणात 'मूळ मुद्राचित्र' कशाला म्हणायचं ते लिहिलंय: कलावंतानं पूर्णपणे हातानं घडवलेल्या पत्र्यावरून किंवा ठशावरून थेट काढलेली छाप, यांत्रिक किंवा फोटोच्या प्रक्रियेनं काढलेली नव्हे.

"आणि सही? सहीनं तर सगळंच खरं होतं," बापू टोचून म्हणाले. कुठंतरी वाचलेला साल्वादोर दालीचा किस्सा त्यांना पक्का आठवत होता. १९७४ मध्ये फ्रान्सच्या सरहद्दीवर एक ट्रक अडवला, आत चाळीस हजार कोरे कागद, आणि प्रत्येकावर दालीची सही. चित्र मागाहून कुणीही छापावं. "तुमच्या चाळीसवर एक हजार पट. ही तुमची मर्यादित आवृत्ती."

"म्हणूनच नंबर हवा, बापू. आणि नंबराला वही हवी."

वही म्हटल्यावर बापूंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. गणेशोत्सवाच्या आधी दोन महिने त्यांच्या प्रेसमध्ये पावतीपुस्तकांचा हंगाम असायचा. ट्रेडलवर नंबरिंगचा बॉक्स बसवायचा, १ पासून सुरू, एकही आकडा सुटता कामा नये, एकही दोनदा पडता कामा नये. एका वर्षी एक आकडा दोनदा पडला. मंडळात मारामारी होता होता राहिली. दुसऱ्या पावतीचे पैसे कुणाच्या खिशात गेले यावर तीन बैठका झाल्या. पावतीवरचा आकडा पावतीची किंमत वाढवत नाही, पैसे कुठं गेले ते शोधायची वाट ठेवतो.

"म्हणजे हे सात बटा चाळीस म्हणजे पावतीच," बापू सावकाश म्हणाले. "किती छापल्या, कुणाला दिल्या, कितीला दिल्या. मग असं सांगा ना. दुर्मीळ, दुर्मीळ काय लावलंय."

या सबंध वादात एवढं एक वाक्य बाईंनी वहीत उतरवून घेतलं. दुर्मीळपणाचा बाजार करणारे नंबराला दागिना समजतात. एका छापखानेवाल्यानं तो हिशेबाच्या रकान्यात बसवला, आणि तिथं तो जास्त शोभतो. दुर्मीळ व्हावं म्हणून सगळेच छापत नाहीत. चित्रकार चित्तप्रसाद मुंबईत अंधेरीला राहून लिनोकट करत, कारण ते साधन स्वस्त, ठसा पुन्हा पुन्हा छापता येणारा, चित्र सामान्य माणसाला घेता येणारं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरचं त्यांचं 'हंग्री बेंगॉल' हे सचित्र पुस्तक इंग्रज सरकारनं जप्त करून त्याच्या पाच हजार प्रती जाळल्या. कुटुंबानं जपलेली प्रत तेवढी उरली. पाच हजारांतली एक. असला दुर्मीळपणा कुणी हौसेनं मागून घेत नाही.

आता चाळीसचा आकडा तरी कशाला, हा प्रश्न बाईंनीच काढला. हॅम्बुर्गमध्ये १९२५ मध्ये योहानेस ब्योझं या शाळामास्तरानं 'ग्रिफेलकुन्स्ट' नावाची संस्था सुरू केली, ती अजून चालू आहे. सभासद ठरावीक वर्गणी भरतात, संस्था चित्रकारांकडून मुद्राचित्रं करवून घेते, सभासद त्यातून निवडतात, आणि जितकी मागणी तितक्या प्रती निघतात. आकडा आधी ठरवून टंचाई करायची नाही. लोक ठरवतील तो आकडा.

"ही तर प्रकाशनपूर्व नोंदणी," बापू म्हणाले. पुस्तकांची तसली पत्रकं त्यांनी शेकड्यांनी छापली होती. आगाऊ पैसे, तितकाच कागद, वेस्टेज नाही. त्यांच्या मनाला हे पटलं, आणि पटल्याचं लपवायला त्यांनी लगेच किमतीवर घासाघीस सुरू केली. तीन हजारांवरून दोन हजारांवर आले. दसऱ्यापर्यंत नावं घ्यायची, जितकी नावं तितक्या प्रती, वर चित्रकाराच्या पाच. मग ठशावर आडवी रेघ मारायची आणि त्या रद्द ठशाची एक छाप काढून नोंदवहीच्या शेवटच्या पानावर चिकटवायची, म्हणजे पुन्हा कुणी छापलं तर पकडता येईल. शिवाय त्याच चित्राची ऑफसेटवर पाचशे कार्डं, वीस रुपयांना एक, नंबर नाही, सही नाही, मागं स्पष्ट लिहिलेलं: छापील नक्कल. कार्डांचं काम बापूंनी स्वतःकडं घेतलं. सवलतीत.

ठसा रद्द करायचा दिवस आला की आपण हजर राहणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.

नोंदवहीत आतापर्यंत एकतीस नावं आली आहेत. पहिलं बापूंचं, दोन हजार, रोख. चित्रकाराच्या वाट्याचा विषय मात्र कार्यकारिणीपुढं तसाच पडून आहे: बापू पंचवीस टक्क्यांच्या वर जायला तयार नाहीत आणि बाई चाळीसच्या खाली यायला.